मगरीच्या चपला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुम्ही तिघं येऊन गेलात आणि तेव्हापासून माझं डोकं एका चपलेत अडकून बसलंय. तुला आठवतही नसेल. तू हिंचक्यावर बसून सांगत होतास, काकू, पूर आला तेव्हापासून याच्या स्वप्नात मगर येते, काल तर म्हणे जिना चढून थेट घरात. तेवढ्यात तुझा लेक, फरशीवर मोटारींची रांग लावता लावता, मान वर न करता म्हणाला, "तिने चप्पल काढली बाहेर." तू हसलास. "हो हो, चप्पल काढली," असं म्हणून पुढे सुरू झालास की वही आणलीय, रकाने आखलेत, तारीख, स्वप्न, भावना, अर्थ. पोराने तेव्हा मान वर केली, तुझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मोटारींकडे वळला. ते बघणं मी ओळखते. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरात तेच बघणं होतं, फक्त मला ते फार उशिरा कळलं.

म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर "हो काकू, हो काकू" करून तू मोकळा झाला असतास.

वही कर. त्याबद्दल वाद नाही. पण ते रकाने आज रात्रीच खोडून टाक, आणि एकच गोष्ट लक्षात ठेव: हात तुझा, शब्द त्याचे. तो "चप्पल काढली" म्हणाला तर "चप्पल काढली" लिहायचं. "मगरीने शिष्टाचाराने पादत्राणे बाहेर ठेवली" नाही, आणि "मगर घरात आली" एवढंच तर नाहीच नाही. मगर बडोद्यातल्या कोणत्याही पोराच्या स्वप्नात येईल. विश्वामित्रीत शेकड्यांनी आहेत त्या. २०१९ च्या जुलैअखेरीस एका दिवसात वीसेक इंच पाऊस झाला तेव्हा आल्या, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आल्या, सोसायट्यांच्या पार्किंगपर्यंत. पण दारात चप्पल काढणारी मगर फक्त तुझ्या घरात आहे. आणि तू नेमकी चप्पलच गाळलीस! मला त्या दिवशी तुझा राग आला होता, खरं सांगते. चहा देताना लपवला.

आता माझं ऐक.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना मी सकाळच्या बालमंदिरात नोकरी धरली. साडेसहाला घर सोडायचे. तो उठायचा तेव्हा घरात सासूबाई, मी नाही. एका रविवारी त्याला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेला. निळ्या देवमाशाचा तो भला लांब सांगाडा बघून पोरं दबकतात, हा दबकला नाही. इजिप्तच्या ममीपाशी मात्र खिळून उभा राहिला. शेजारपाजारची गुजराती पोरं आईला मम्मी म्हणायची, त्यामुळे त्याच्या कानाला ती ममी नव्हतीच. ती कुणाची तरी मम्मी होती, आणि तिला काचेत झोपवून ठेवलं होतं. आठवडाभराने दुपारी मी घरी आले तर म्हणाला, "म्युझियमवाली मम्मी उठली रात्री. ती रडत होती. तिची पोरं शाळेत गेली आणि तिला कोणी उठवलंच नाही."

मी काय करावं? मी हसून त्याला समजावलं. अरे, मम्मी नाही, ममी. इजिप्त नावाचा देश आहे, तिथे राजाराण्यांना मसाले लावून पट्ट्यांत गुंडाळायचे. नकाशा काढून दाखवला. आणि मग सुंदर अक्षरात वहीत लिहिलं: "काल रात्री मला एक अद्भुत स्वप्न पडले. इजिप्तमधील ममी जिवंत झाली." पुढे पिरॅमिड घातले, एक उंट घातला. उंट सर्वस्वी माझा. ते एका मासिकाच्या बालविभागात त्याच्या नावाने छापून आलं. घरीदारी कौतुक झालं, सासऱ्यांनी कात्रण काचेखाली ठेवलं.

त्यानंतर त्याने मला दोन वर्षं स्वप्नं सांगितली आणि सगळ्यांत उंट असायचे. म्हणजे उंट नाही, पण कळलं ना? कधी राजवाडा, कधी आकाशातून उतरणारा रथ. मी लिहून घेत होते आणि पोराची कल्पनाशक्ती बघा म्हणून मिरवत होते. त्याने मला ओळखलं होतं. आईला काय आवडतं ते तो आणून देत होता, दळण आणून द्यावं तसं. मग सातव्या वर्षी एकदा म्हणाला, "मला आता स्वप्नं पडत नाहीत." विषय संपला. आजतागायत.

मूळ वाक्य माझ्याकडे आहे ते निव्वळ योगायोगाने. त्या दुपारी वही सापडेना म्हणून कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने खरडलं होतं. वही कुठे गेली माहीत नाही, ते पान राहिलं. "तिला कोणी उठवलंच नाही." पहाटे साडेसहाला निघून जाणारी आई, आणि उठल्यावर... बघ, मीच अर्थ लावायला बसले. चाळीस वर्षांनीही सवय जात नाही. तू लावू नकोस.

माझीही बाजू आहे बरं का. त्या काळी आम्हाला कोण सांगणार होतं? बालमंदिरात आम्ही मुलांना शुद्ध बोलायला शिकवायचो, तोच पगार होता. आणि बडोद्यात मराठी टिकवायची म्हणजे घरातच टिकवायची, बाहेर सगळी गुजराती. पोराच्या तोंडी भीतीऐवजी गुजराती बीक, "मला बीक लागली" असं आलं की आमच्या पोटात गोळा यायचा. त्यामुळे मी केलं ते अगदीच चूक होतं असं नाही. त्याचं मराठी उत्तम आहे, आजही फोनवर ऐकत राहावंसं वाटतं. आता तो फोनवर हवामान सोडून काही बोलत नाही, ती गोष्ट वेगळी.

इथे तुझा दुसरा प्रश्न येतो: वही मराठीत की गुजरातीत? बायको गुजराती, तू मराठी, आणि तुला वाटतं की स्वप्नांच्या वहीच्या निमित्ताने पोराचं मराठी पक्कं होईल. कशाला रे स्वप्नाला कामाला लावतोस? तो "मला बीक लागली" म्हणाला तर तेच लिही, देवनागरीत लिही. "भीती वाटली" नाही. एक वाक्य मराठीत सुरू होऊन गुजरातीत संपलं तर तसंच संपू दे. तुझी बायको लिहील त्या दिवशी गुजराती लिपीत लिहील, बिघडलं काय? या शहरात पोरांना स्वप्नं अशीच पडत आलीत. आपण मोठी माणसं तरी काय बोलतो? मी वर हिंचका लिहिलं, झोपाळा नाही, आणि तुला ते खटकलंही नसेल.

तिसरा प्रश्न तू बायकोसमोर विचारला नाहीस, फाटकाशी चपला घालताना हळूच विचारलास: "काकू, तो खरंच स्वप्न सांगतो की बनवतो?"

थोडं बनवत असणार. अमेरिकेत डेव्हिड फोक्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांना प्रयोगशाळेत झोपवून, रात्रीतून मुद्दाम उठवून विचारलं होतं. पंचवीस-तीस वर्षं तो याच मागे होता. डोळे पापण्यांआड भराभर फिरतात ती झोप, रेम म्हणतात तिला, त्या झोपेतून उठवलं की मोठी माणसं बहुतेक वेळा काहीतरी सांगतात. तीन ते पाच वर्षांची मुलं शंभरातून पंधराएक वेळाच सांगायची. आणि सांगायची ते काय? एखादा प्राणी. एखादं उभं चित्र. आपण कुठेतरी झोपलोय. लांबलचक गोष्ट नाही, आणि स्वतः काही पराक्रम करतोय असं तर क्वचितच. ते सगळं सात-आठ वर्षांच्या पुढे येतं. तेव्हा तुझा पाच वर्षांचा मुलगा सकाळी पाऊण पान सांगत असेल तर त्यात झोपेतलं थोडं आणि दात घासतानाचं जास्त, असं धरून चाल.

मग काय, चौकशी करायची? "हे खरं ना? नक्की?" एकदा विचारून बघ, वही बंद पडेल. तू न्यायाधीश नाहीस, कारकून आहेस. तो स्वप्न म्हणतो ना, मग ते स्वप्न. हात तुझा, शब्द त्याचे. पण त्या पंधरा टक्क्यांतून एक गोष्ट मात्र शीक: बहुतेक सकाळी काही नसणार. त्या दिवशी तारीख घालून "आज नाही" एवढंच लिही आणि उठ. रोज स्वप्न मागितलंस तर तो रोज देईल. मला रथ मिळाला होता.

आता थोडं कामाचं, पटापट.

शाळेची प्रयोगवही आण, विज्ञानाला लागते ती, एका बाजूला कोरं पान आणि एका बाजूला रेघा. कोऱ्या पानावर तो चित्र काढेल, रेघांवर तू लिहिशील. त्याच्या चित्रावर अक्षर घालायचं नाही, बाण काढून "मगर" असंही नाही. रावपुऱ्यात कुठल्याही दुकानात मिळेल. ती सोनेरी कडांची, कुलपाची वही तूच ठेव, हिशेबाला.

वेळ सकाळची, डोळे उघडल्यावरची पहिली पाच मिनिटं. लाइट लावू नकोस, पडदा ओढू नकोस, त्याला उठवून बसवू नकोस. कूस बदलली की स्वप्न जातं, हे तू स्वतःवर करून बघ. मी दुपारी विचारायचे, ती पहिली चूक. "काय स्वप्न पडलं?" असं विचारूच नकोस. शेजारी पडून राहा. सांगितलं तर "मग?" एवढाच शब्द वापर. "मग मगर चावली का?" हा प्रश्न नव्हे, ही तू त्याच्या हातात दिलेली मगर आहे.

आणि एखाद्या दिवशी तो चिडून म्हणेल, "तूपण होतास की तिथे, तुला माहीत नाही?" तेव्हा हसू नकोस. जिनिव्हाच्या पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मुलांना विचारलं होतं की स्वप्न कुठे असतं. लहान मुलं सांगायची, खोलीत. डोळ्यांसमोर. डोक्यात असतं हे त्यांना फार पुढे पटतं. तुझ्या मुलाच्या लेखी तू खरोखर त्या दादरावर उभा होतास. "मला तिथून नीट दिसलं नाही, तू सांग," असं म्हण. खोटंही नाही ते.

मगरीचं काय करायचं? तुझ्या आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असं कळलं. ओवाळू दे. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हेही त्या म्हणाल्या, आणि बरोबर म्हणाल्या. पोराने पाण्यातून मगर उचलून नेताना बघितलीय, वनखात्याची माणसं, दोर, तोंडाला बांधलेली पट्टी, सगळं. त्याला "मगर-बिगर काही येत नाही" असं सांगू नकोस. येते. त्याने पाहिलीय. तू खोटा ठरशील. "ती नदीत राहते, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो," हे सांग, ते खरं आहे.

वाईट स्वप्नाचा शेवट दिवसा बदलून बघायचा, चित्रात किंवा गोष्टीत, अशी एक रीत आहे. डॉक्टरही वापरतात आणि उपयोग होतो. पण शेवट त्याने बदलायचा. तू "मग मगर आणि तू मित्र झालात" असं लिहून दिलंस की झाला उंट तयार. त्याला तिला पिंजऱ्यात घालायचं असेल, मारायचं असेल, भजी खायला द्यायची असेल, त्याची मर्जी. आणि काहीच बदलायचं नसेल तरी त्याची मर्जी. मला तर शंका आहे की त्याने आधीच बदललंय. जी मगर बाहेर चप्पल काढते ती... नको. गप्प बसते.

एक मात्र नीट समजून घे, कारण यात तू घोळ घातलेला दिसतो. तू म्हणालास की आठवड्यापूर्वी तो झोपल्यावर तासाभरात किंचाळत उठून बसला, डोळे सताड उघडे, तुला ओळखेना, घामाघूम, आणि दहा मिनिटांनी आपोआप आडवा झाला. सकाळी तू त्याला खोदून विचारलंस आणि त्याला काही आठवेना, म्हणून रडला. अरे, ते स्वप्नच नव्हतं. तो गाढ झोपेतला दचका. रात्रीच्या पहिल्या भागात येतो, मूल दिसतं जागं आणि असतं झोपेत. हलवून जागं करायचं नाही, पडणार-आपटणार नाही एवढं बघायचं, शेजारी बसायचं. सकाळी एक अक्षर बोलायचं नाही. त्याच्या वहीत तर मुळीच नाही, कारण त्याचे शब्दच नाहीत तिथे. तुझ्या डायरीत तारीख आणि वेळ टिपून ठेव. वारंवार झालं, अंग ताठ झालं, झटके आल्यासारखं वाटलं तर बालरोगतज्ज्ञांकडे ने, तेव्हा ती टिपणं लागतील. वाईट स्वप्न येतं ते पहाटेकडे. तेव्हा मूल खरंच जागं होतं, तुला ओळखतं, गळ्यात पडतं. तेव्हा फक्त जवळ घे. वही सकाळी.

तू इंजिनियर, म्हणून एक तुझ्या आवडीचं सांगते. १९५१ साली शिकागोत युजीन अ‍ॅसरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी होता, पैशाची चणचण, घरी बायको-मुलं. त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला आणि डोळ्यांपाशी तारा चिकटवून त्याला प्रयोगशाळेत झोपवलं. डोळ्यांची हालचाल टिपणारं एक जुनाट यंत्र, कागदावर पेनं फिरायची. मध्यरात्री पेनं जोरात नाचायला लागली. त्याला वाटलं यंत्रच बिघडलं. त्याने ते तपासलं, मुलाकडे जाऊन बघितलं, तर तो गाढ झोपलेला आणि पापण्यांखाली डोळे धावतायत. १९५३ मध्ये त्याने आपल्या गुरूबरोबर ते छापलं आणि जगाला रेम झोप कळली. माझ्या मनात त्यातलं काय राहिलं ते सांगू? त्या बापाने पेनांच्या रेघा सुधारल्या नाहीत. वेड्यावाकड्या होत्या, यंत्राचा दोष वाटत होता, तरी तशाच ठेवल्या. मी असते तर खोडरबर घेऊन बसले असते.

वही कुणाला दाखवू नकोस. पाहुण्यांना नाही, आजी-आजोबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही, स्टेटसवर तर नाहीच. तुला वाटेल काकू अति करतात. एकदा पानाचा फोटो काढून टाक, चाळीस अंगठे येऊ देत, आणि पुढच्या आठवड्यातली स्वप्नं बघ. पोरं आपल्याहून हुशार असतात रे, आपल्याला खूश कसं करायचं ते त्यांना भाषेच्या आधी येतं. आमच्या घरात ते कात्रण सासरे जाईपर्यंत काचेखाली होतं. तो रोज त्या टेबलावर अभ्यासाला बसायचा. एकदा त्याने त्याच्यावर कंपासपेटी ठेवलेली मला आठवते, कायमची. मी दर वेळी ती उचलून बाजूला ठेवायचे.

ते कॅलेंडरचं पान मी गेल्या दिवाळीत त्याला पाठवायचं ठरवलं होतं. पाकीट लिहून तयार आहे. पाठवलं नाही. आता पंचेचाळिशीच्या माणसाला काय सांगायचं, की बाबा, तू मम्मीच म्हणाला होतास?

असो. रविवारी येताय ना? सुरळीच्या वड्या करते. येताना वही आणू नकोस. त्याला दाखवायची असेल तर तो आणेल, आणि नाही आणली तर मी विचारणार नाही, तूही आठवण करायची नाहीस. आणि एक. मगरीला पाय चार असतात. तिने एक जोड काढला की दोन, हे मला परवापासून सतावतंय, काल रात्री झोपतानाही तेच डोक्यात होतं. पण तू विचारायचं नाहीस. मीही नाही.

तुझी,
काकू